जवानाला गुप्तरोग झाला तर एमआय रूममधून बातमी कुठवर जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नाईक हुद्द्यावर आहेत. युनिट आसामात, घर सातारा जिल्ह्यात. सुट्टी संपवून परतताना वाटेत एका अनोळखी स्त्रीशी निरोधाशिवाय संबंध आला. चौथ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली आणि चड्डीला पिवळा पू दिसू लागला. आता त्यांचे प्रश्न असे: एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेलो तर कंपनीत बोभाटा होईल का? सीओ साहेबांना, म्हणजे युनिटच्या प्रमुखांना, कळवतात का? घरी पत्नीला कळवतात का? प्रमोशन, पेन्शन यांवर परिणाम होतो का? बाहेरच्या केमिस्टकडून गोळ्या घेऊन भागेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे. केमिस्टकडच्या गोळ्यांनी भागत नाही. संबंधानंतर दोन ते सात दिवसांत घट्ट, पिवळट पू येऊ लागला तर तो बहुधा परमा, म्हणजे गोनोरिया असतो. त्याच्या जोडीला क्लॅमिडिया असण्याची शक्यता बरीच असते. तो एक ते तीन आठवड्यांनी, पातळ स्रावाच्या रूपाने, मागाहून डोके वर काढतो. दुकानदार अशा वेळी बहुतेकदा सिप्रोफ्लोक्सासिन किंवा ऑफ्लोक्सासिनची पट्टी काढून देतो. आपल्याकडच्या परम्याच्या जंतूंनी ही औषधे केव्हाच पचवली आहेत. दोन दिवसांत जळजळ कमी होते, माणूस निश्चिंत होतो आणि जंतू आत तसाच राहतो. पुढे वृषणाजवळची नळी सुजते, काहींना मूत्रनलिका आकसून लघवीची धार बारीक होते, आणि पुढच्या सुट्टीत तोच जंतू घरी पोचतो. शिवाय अर्धवट औषध पोटात असताना नमुना घेतला की तपासणीत जंतू सापडत नाही आणि डॉक्टर अंधारात राहतात.

योग्य उपचार अगदी छोटा आहे. सेफ्ट्रियाक्सोनचे एक इंजेक्शन स्नायूत, आणि क्लॅमिडियासाठी डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सात दिवस. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, अशा तक्रारीला करड्या रंगाचे किट देतात. त्यात अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम एकदाच घ्यायचे असते. कोणते औषध द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही एवढेच करा: नमुना देईपर्यंत कोणतीही अँटिबायोटिक घेऊ नका आणि नमुना देण्याआधी निदान एक तास, जमल्यास दोन तास, लघवी करू नका. पू काचपट्टीवर घेऊन रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पुरुषांत परम्याचे निदान अर्ध्या तासात होते. उपचार घेतल्यावर सात दिवस संबंध पूर्ण बंद. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. ती औषध फसले की काय हे पाहण्यासाठी नसून पुन्हा लागण झाली का हे पाहण्यासाठी असते, कारण तसे फार वेळा होते.

हे वाचत असताना संबंधाला ७२ तास झाले नसतील, तर आधी एचआयव्ही रोखण्याच्या औषधांचे विचारा. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र असलेली गोळी रोज एक, २८ दिवस. जितकी लवकर तितकी बरी, आणि ७२ तासांनंतर तिचा उपयोग मानत नाहीत. तुमच्या बाबतीत ती वेळ टळली आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाची टळली नसेल. ही औषधे एमएचमध्येही, म्हणजे सैनिकी रुग्णालयातही, मिळू शकतात आणि जिल्हा रुग्णालयातही.

आता गुप्ततेकडे. तुमच्या मनात ‘सांगितले की सगळ्यांना कळते’ आणि ‘लपवले की कुणाला कळत नाही’ अशी दोनच टोके आहेत. प्रत्यक्षात सैन्याच्या वैद्यकीय व्यवस्थेत दोन वेगवेगळ्या गोष्टी दोन वेगवेगळ्या वाटांनी जातात. एक वाट ‘हा माणूस आज काय ड्युटी करू शकतो’ याची. ती वर कमांडकडे जाते आणि जायलाच हवी. हत्यार घेऊन गस्तीला जाणारा जवान तंदुरुस्त आहे की नाही हे कंपनी कमांडरला कळले पाहिजे. दुसरी वाट ‘त्याला नेमके काय झाले आहे’ याची. ती डॉक्टरांकडून डॉक्टरांकडे जाते. माहिती बाहेर पडते ती बहुतेक वेळा या दोन वाटा एकत्र झाल्यामुळे, आणि त्या कुठे एकत्र होतात हे माहीत असले की बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात राहतात.

सकाळच्या सिक रिपोर्टला नाव दिले की सिक रजिस्टरमध्ये नंबर, हुद्दा, नाव आणि तक्रार चढते. हे रजिस्टर नर्सिंग असिस्टंटच्या टेबलावर उघडे असते. रांगेतला पुढचा माणूस वाकून वाचू शकतो. ‘क्या तकलीफ है’ हा प्रश्न तिथेच, दहा जणांसमोर येतो. त्याचे उत्तर ‘पेशाब में जलन’ एवढेच द्या. ते खरे आहे, लघवीच्या साध्या जंतुसंसर्गातही हेच होते आणि कुणाचे कान टवकारत नाहीत. मग आरएमओंसमोर, म्हणजे युनिटच्या डॉक्टरांसमोर, उभे राहिल्यावर ‘साहब, पर्सनल प्रॉब्लम है, अकेले में दिखाना है’ असे सांगा. कोणताही बरा डॉक्टर तेवढ्यावर समजतो आणि बाकीच्यांना बाहेर पाठवतो. सिक रिपोर्टची गर्दी टाळून दुपारी जाता आले तर आणखी चांगले.

आरएमओंनी ड्युटीतून सूट दिली तर कंपनीकडे जो कागद येतो त्यावर ‘अटेंड सी’ आणि दिवस एवढेच असायला हवे. निदान लिहिण्याची गरज नाही. साध्या परम्यात तर सूट लागतच नाही. इंजेक्शन घेऊन माणूस त्याच दिवशी ड्युटीवर जाऊ शकतो. कॅटेगरी, म्हणजे वैद्यकीय तंदुरुस्तीची श्रेणी, उतरवण्याचे वैद्यकीय कारण राहत नाही, मेडिकल बोर्ड लागत नाही, एमएचमध्ये भरती लागत नाही. भरती झाली तर मात्र भरती आणि डिस्चार्जची नोंद युनिटच्या कागदोपत्री, पार्ट टू ऑर्डरमधून, पुढे जाते. म्हणून वेळेत गेलेल्या माणसाचा आजार ओपीडीतच मिटतो आणि लपवून वृषण सुजवून घेतलेल्या माणसाचा भरतीच्या नोंदीत चढतो. गुप्ततेच्या दृष्टीनेही उशीर महागच पडतो.

आरएमओंविषयी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. ते तुमचे डॉक्टर असतात आणि सीओंचे वैद्यकीय सल्लागारही. दोघे एकाच मेसमध्ये जेवतात. चांगले आरएमओ ही दोन कामे वेगळी ठेवतात, पण तुम्हाला शंका असेल तर ती मनात दाबून केमिस्टकडे जाऊ नका. एमएचच्या त्वचारोग ओपीडीचे रेफरल मागा. सैनिकी रुग्णालयांत लैंगिक आजार त्वचारोगतज्ज्ञच बघतात. ‘स्किन ओपीडी’ लिहिलेल्या चिठ्ठीवरून कुणालाही काही कळत नाही. जंगलात, पावसाळ्यात निम्म्या कंपनीला गजकर्ण असतेच. मोठ्या स्टेशनांवर, म्हणजे पुण्याचे कमांड हॉस्पिटल, मुंबईचे आयएनएचएस अश्विनी यांसारख्या ठिकाणी, हे आणखी सोपे, कारण तिथे तुमच्या युनिटचा माणूस समोर बसलेला नसतो.

गळतीच्या खऱ्या जागा लहानलहान असतात. लॅबची चिठ्ठी उघडी घेऊन रनर जातो. तुमच्याबरोबर पाठवलेला साथीदार दाराशी उभा राहून ऐकतो. रिपोर्टचा फोटो ‘साहेबांना लवकर दिसावा’ म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला जातो. ही शेवटची सवय अलीकडे सगळ्यांत जास्त नुकसान करते. ‘रिपोर्ट मी स्वतः घेईन किंवा बंद पाकिटात द्या’ असे नमुना देतानाच सांगा. रोगाचा कोडही बोलका असतो. आंतरराष्ट्रीय यादीत ए५० ते ए६४ हे सगळे लैंगिक आजारांचे कोड, ए५१ म्हणजे सुरुवातीची गरमी (सिफिलिस), ए५४ म्हणजे परमा, आणि झेड२१ म्हणजे लक्षणे नसलेला एचआयव्ही संसर्ग. बोर्डाच्या कागदांवर एचआयव्हीसाठी ‘इम्यून सर्व्हेलन्स’ असा आडपडद्याचा शब्द लिहिलेला दिसतो, पण शेजारी झेड२१ असेल तर ज्या क्लार्कला कोड कळतो त्याच्यापासून काहीच लपत नाही. म्हणून एएफएमएसएफ-१५ सारखे बोर्डाचे कागद सीलबंद पाकिटात, ‘मेडिकल-इन-कॉन्फिडन्स’ म्हणूनच फिरायला हवेत. तुमच्या हाती मूव्हमेंट ऑर्डरबरोबर उघडे दिले तर पाकीट बंद करून मागण्यात काही गैर नाही.

आणखी एक वाट कुणाच्या लक्षात येत नाही: युनिटचे रक्तदान शिबिर. जमा झालेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, गरमी आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. काही जण ‘फुकटात तपासणी होऊन जाईल’ म्हणून रक्त देतात. असे अजिबात करू नका. लागण झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. त्या काळात दिलेले रक्त तपासणीतून सुटून दुसऱ्या जवानाच्या अंगात जाऊ शकते. शिवाय शिबिरानंतर रक्तपेढीने एकट्या तुम्हालाच पुन्हा बोलावले तर बरॅकमध्ये प्रश्न सुरू होतात. संबंधानंतर शंका असेल तर शिबिराच्या आदल्या दिवशी आरएमओंना एकट्यात सांगा. ‘बीपी जास्त आहे’ म्हणून ते तुम्हाला सहज बाजूला काढू शकतात.

तपासणीचे दिवस पक्के लक्षात ठेवा. आज, म्हणजे लक्षणे असताना, एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमीची चाचणी), हेपॅटायटिस बी आणि सी. हा ‘आधीचा’ रिपोर्ट. पुन्हा सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. चौथ्या पिढीची एचआयव्ही चाचणी १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते, साधी रॅपिड अँटिबॉडी चाचणी २३ ते ९० दिवसांत. पहिलीच चाचणी ‘रिअॅक्टिव्ह’ आली म्हणजे एचआयव्ही झाला असे नाही. आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्यावरच निदान देतात.

गरमीवर, म्हणजे सिफिलिसवर, थोडे जास्त लिहितो, कारण सैनिकाला कागदावर सर्वांत जास्त छळणारा आजार हाच. संबंधानंतर सरासरी तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, एक न दुखणारा व्रण येतो आणि औषधाशिवायच भरून जातो. माणसाला वाटते बरे झाले. प्रत्यक्षात तो आत मुरलेला असतो. उपचार म्हणजे बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मे-निम्मे, सुरुवातीच्या टप्प्यात एकदाच. जुनी किंवा केव्हा लागली हे माहीत नसलेली गरमी असेल तर दर आठवड्याला एक, असे तीन वेळा. इंजेक्शनच्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. मेलेल्या जंतूंमुळे उठणारी ही प्रतिक्रिया २४ तासांत ओसरते. रात्रपाळीचा नर्सिंग असिस्टंट घाबरून ‘पेनिसिलिन अॅलर्जी’ अशी लाल नोंद करतो आणि ती नोंद निवृत्तीपर्यंत कागदांना चिकटते. पुढे खरोखर पेनिसिलिन हवे असते तेव्हा कुणी देत नाही. अॅलर्जीत अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, दम लागतो. नुसता ताप आणि अंगदुखी म्हणजे अॅलर्जी नव्हे. ताप आला तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाच दाखवा आणि नोंद काय झाली ते वाचा.

कागदाची दुसरी भानगड चाचण्यांची. गरमीच्या चाचण्या दोन प्रकारच्या. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की उपचारानंतरही बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्ह राहते. व्हीडीआरएलचा आकडा मात्र उपचाराने उतरतो. १:३२ वरून १:८ झाला म्हणजे चौपट उतरला, उपचार लागू पडला. १:१६ वरून १:८ हा फरक चाचणीच्या चुकीतही बसतो, त्यावर भरवसा ठेवू नये. आता चार वर्षांनी कोर्सच्या आधी किंवा यूएन मिशनच्या आधी कुणी टीपीएचए केली, ती पॉझिटिव्ह आली आणि तुमच्याकडे जुना कागद नसेल, तर तुम्ही नव्याने लागण झालेले ठरता. पुन्हा चौकशी, पुन्हा इंजेक्शने. त्यामुळे एकच पान जपा: उपचारापूर्वीचा व्हीडीआरएलचा आकडा, इंजेक्शनची तारीख आणि मात्रा, सहा आणि बारा महिन्यांनंतरचे आकडे. शक्यतो एकाच लॅबचे. दोन लॅबांच्या आकड्यांची तुलना होत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. मलेरिया, काही विषाणूजन्य ताप, कुष्ठरोग, संधिवाताचे काही प्रकार यांतही व्हीडीआरएल कमी आकड्याने, बहुधा १:८ च्या खाली, खोटा पॉझिटिव्ह येतो. आसामात मलेरिया होऊन गेलेल्या जवानाचा व्हीडीआरएल १:२ आला तर टीपीएचए केल्याशिवाय त्याच्या कागदावर गरमी लिहू देऊ नका.

नागिणीसारखे फोड येणारा हर्पिस, जननेंद्रियावरचे चामखिळीसारखे कोंब, जांघेतल्या गाठी, या सगळ्यांनाही हीच वाट, हीच काळजी. वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. हेपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर याच भेटीत सुरू करा.

आता कायद्याचे. आजार होणे हा आर्मी अॅक्टखाली गुन्हा नाही. कलम ४६ मध्ये आजाराचे सोंग घेणे, स्वतःला मुद्दाम आजार करून घेणे किंवा बरे होणे मुद्दाम लांबवणे याला शिक्षा आहे, उपचाराला येणाऱ्याला नाही. पण एक कंगोरा माहीत हवा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचे फौजदारी कलम रद्द केले, तरी ३१ जानेवारी २०२३ रोजी त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की सशस्त्र दले आपापल्या कायद्यांखाली अशा वर्तनावर शिस्तभंगाची कारवाई करू शकतात. म्हणून डॉक्टरांना काय सांगायचे आणि काय नाही, याचा नीट विचार हवा. डॉक्टरांना हवी असते तारीख, संबंधाचा प्रकार, निरोध होता की नव्हता, जोडीदार पुरुष की स्त्री, आणि त्या व्यक्तीपर्यंत उपचार पोचवता येईल का. नाव त्यांना निदानासाठी लागत नाही आणि केस शीटवर कुणाच्या पत्नीचे नाव लिहिण्याचे काहीच कारण नाही. पुरुषाशी संबंध आला असेल तर तेही सांगा. तसे असेल तर घसा आणि गुदद्वाराचा नमुना घ्यावा लागतो, आणि तिथला परमा बहुधा काहीच त्रास न देता राहतो. दंडविधानाचे कलम ३७७ परस्परसंमतीच्या संबंधांपुरते २०१८ मध्ये निष्प्रभ झाले, आर्मी अॅक्टच्या कलम ४६ मधला ‘अनैसर्गिक’ हा शब्द मात्र तसाच आहे. त्यामुळे ही गोष्ट डॉक्टरांना तोंडी सांगा आणि ‘यातले किती लिहिणार’ हे तिथेच विचारून घ्या.

सैनिकी डॉक्टरही नोंदणीकृत डॉक्टरच असतो. २००२ चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम त्यालाही लागू आहेत. त्यांनुसार रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायला तीनच अपवाद: न्यायालयाचा आदेश, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि कायद्याने कळवावे लागणारे रोग. ‘सीओंनी सहज विचारले’ हा त्यात बसत नाही.

पत्नीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. परम्याबद्दल एमएच तुमच्या घरी पत्र पाठवत नाही, फोन करत नाही. पण शेवटच्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना उपचार लागतात. तुम्ही सुट्टीत घरी होता, म्हणजे लागण होण्याआधीच पत्नीशी शेवटचा संबंध आला असेल, तर परतीच्या वाटेवरच्या या लागणीपासून तिला धोका नाही. हा हिशेब डॉक्टरांसमोर तारखा मांडून करा, अंदाजाने नको. त्याआधीही बाहेर संबंध आला असेल तर हा हिशेब बदलतो आणि तिचीही तपासणी व्हायला हवी. स्त्रियांत परमा आणि क्लॅमिडिया बऱ्याचदा काहीच लक्षण देत नाहीत, आणि आत पसरले की गर्भनलिका बंद होतात. ती गरोदर असेल तर गरमीची तपासणी एक दिवसही लांबवू नये, पोटातले मूल दगावू शकते. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध मोफत आहे. डॉक्टर जोडीदारासाठी चिठ्ठी देतात, तिच्यावर रोगाचे नाव नसते. ती एमएचमध्ये गेली तर तिची नोंद तुमच्याच नंबर, हुद्दा आणि युनिटखाली होते, हे ध्यानात ठेवा. तिची गुप्तता वेगळी आहे: तिचा रिपोर्ट तिच्या हातात, तुमच्या मार्फत नाही. आणि माझे मत विचाराल तर, तिला उपचार लागणार असतील तर तुम्ही स्वतः सांगणे हेच तिच्या हिताचे. कशाच्या गोळ्या हे न सांगता खाऊ घालणे हा तिच्यावर अन्याय आहे.

एचआयव्हीसाठी मात्र स्वतंत्र कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय निकाल इतरांना सांगणे नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आपापसांत, गरजेपुरते सांगण्याची तेवढी मुभा आहे. जोडीदाराला डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतात, पण पायऱ्या ठरलेल्या आहेत: तिला मोठा धोका आहे याची खात्री, तुम्हाला आधी समुपदेशन, तुम्ही स्वतः सांगत नाही हे स्पष्ट, ‘आता आम्ही सांगणार’ अशी तुम्हाला पूर्वसूचना, आणि मग तिला समोर बसवून, समुपदेशन करून. पत्र किंवा फोनवर नाही. निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. तसे करायचे तर स्वतंत्र डॉक्टरांचे लेखी मूल्यांकन लागते. सैन्यात अशा जवानाला कॅटेगरी मिळते, औषधे चालू राहतात, ठरावीक मुदतीने बोर्ड होतो, आणि मोठ्या रुग्णालयाजवळ पोस्टिंग देतात. औषध नियमित असले आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही. निमलष्करी दलातल्या एका जवानाचे प्रमोशन केवळ एचआयव्हीमुळे अडवले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये ते बेकायदा ठरवले.

पेन्शनचे गणित कडू आहे. सेवेतून आलेले अपंगत्व ठरवण्याच्या नियमांत दारू, तंबाखू, अमली पदार्थ यांच्या रांगेत लैंगिक आजारही बसवले आहेत, ‘माणसाच्या स्वतःच्या हातातली गोष्ट’ म्हणून. त्यामुळे रिलीज बोर्डात, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डात, अशा आजाराला सेवेशी संबंध नाही असाच शेरा मिळतो. ही जुनी दृष्टी आहे. ब्रिटिश काळात, १८९५ मध्ये, हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांत हजारी ५२२ वेळा या आजारांसाठी रुग्णालयात भरती होत होती. त्याआधीच्या काळात तपासणीची सक्ती मात्र छावणीतल्या बायकांवर होती, सैनिकांवर नाही. आजाराकडे आजार म्हणून न बघता वर्तन म्हणून बघण्याची सवय तेव्हापासूनची आहे आणि तिने कुणाचेच भले केलेले नाही.

पण एचआयव्ही प्रत्येक वेळी संबंधातूनच येतो असे नाही. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, जुलै २००२ मध्ये, हवाई दलाच्या एका कॉर्पोरलला जम्मूतल्या सांबा इथल्या सैनिकी रुग्णालयात रक्त चढवले. २०१४ मध्ये त्याला एचआयव्ही असल्याचे निघाले. मेडिकल बोर्डांनी संबंध त्या रक्ताशी जोडला, तरी कागद मिळवण्यासाठी त्याला वर्षानुवर्षे झगडावे लागले. २६ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये भरपाई दिली, आणि एचआयव्हीच्या खटल्यांत ओळख झाकावी, ते प्राधान्याने चालवावेत असेही सर्व न्यायालये व न्यायाधिकरणांना बजावले. यातून प्रत्येक जवानाने घ्यायचे ते हे: रक्त चढवले असेल तर डिस्चार्ज समरीवर तारीख, रुग्णालय आणि पिशवीचा क्रमांक येईल हे बघा. सुई टोचली असेल, जखमी साथीदाराचे रक्त उघड्या जखमेत गेले असेल, तर त्याच दिवशी घटनेची नोंद करा आणि ७२ तासांच्या आत ‘आधीची’ एचआयव्ही चाचणी करून घ्या. ती निगेटिव्ह आली आणि तीन महिन्यांनी पॉझिटिव्ह आली, तर सेवेशी संबंध सिद्ध करणे सोपे जाते. स्वतःच्या कागदांची प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे. वैद्यकीय नियमांनुसार ती ७२ तासांत मिळायला हवी, न मिळाल्यास माहिती अधिकारात मागा. दुसऱ्या कुणाचे वैद्यकीय कागद मात्र त्या कायद्याने मिळत नाहीत, त्यामुळे तुमचेही कुणाला मिळणार नाहीत.

सैन्याबाहेर उपचार घेण्याचा मार्ग खुला आहे, विशेषतः सुट्टीत. जिल्हा रुग्णालयातले सुरक्षा क्लिनिक आणि आयसीटीसी यांत युनिटचे नाव विचारत नाहीत, आयसीटीसीत नोंद क्रमांकाने चालते, आणि १०९७ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. छावणीजवळच्या खासगी लॅबवर मी इतका विश्वास ठेवणार नाही. तिथला काउंटरवरचा मुलगा अर्ध्या कॅन्टोनमेंटला नावाने ओळखतो आणि रिपोर्ट मोबाइलवर पाठवतो, जो मोबाइल सुट्टीत घरी मुले खेळतात. स्टेशनाजवळच्या ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ पाट्यांकडे तर फिरकूही नका. मात्र बाहेर उपचार घेतल्यावर गरमी किंवा एचआयव्ही निघाला तर तो कागद पुढे एमएचच्या त्वचारोगतज्ज्ञांपर्यंत नेणे भाग आहे. वर्षानुवर्षांचा पाठपुरावा सुट्ट्यांच्या आधाराने होत नाही.

महिला सैनिकांसाठी दोन वाक्ये. तपासणी महिला डॉक्टरकडे, नाहीतर महिला परिचारिकेच्या उपस्थितीत मागा. आणि जबरदस्ती झाली असेल तर आजारापेक्षा पुरावा आणि ७२ तास आधी: अंघोळ न करता, कपडे न बदलता रुग्णालय गाठा, उपचार कोणत्याही रुग्णालयाने मोफत द्यायलाच हवेत.

एवढे करूनही बातमी फुटलीच, तर आरडाओरडा न करता कागद जमवा. कोणत्या दिवशी, कोणत्या रजिस्टरवरून किंवा ग्रुपवरून, कुणाच्या तोंडून, कोण साक्षीदार. व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट तारखेसह. पहिली तक्रार लेखी, त्या रुग्णालयाच्या कमांडंटकडे, पोच घेऊन. एचआयव्हीची माहिती फुटली असेल तर २०१७ च्या कायद्याखालचा तक्रार अधिकारी आणि राज्याचा लोकपाल ही वेगळी दारे आहेत. या माहितीमुळे पोस्टिंग, कोर्स किंवा प्रमोशन अडले असेल तर जवानाने आर्मी अॅक्टच्या कलम २६ खाली आणि अधिकाऱ्याने कलम २७ खाली तक्रार करावी. उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येते. सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अर्ज करतानाच नाव झाकण्याची विनंती वेगळ्या परिच्छेदात लिहा, कारण निकाल एकदा संकेतस्थळावर नावानिशी चढला की मागे घेणे अवघड जाते.